हॅरिएट पॉवर्स

हॅरिएट पॉवर्स (२९ ऑक्टोबर १८३७ – १ जानेवारी १९१०) या अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील कृष्णवर्णीय वस्त्रकलावंत होत्या. माणसे, पशुपक्षी आणि ग्रहतारे यांच्या कापडातून कापलेल्या आकृती गोधडीवर शिवून त्यांनी बायबलमधील कथा, लोकांच्या स्मरणात राहिलेले आकाशातील उत्पात आणि काही प्रचलित दंतकथा चित्रित केल्या. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत त्या गुलाम होत्या. त्यांनी शिवलेल्या गोधड्यांपैकी दोनच आज अस्तित्वात आहेत. एक वॉशिंग्टन येथे स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात आणि दुसरी बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. पहिली बायबल क्विल्ट आणि दुसरी पिक्टोरियल क्विल्ट या नावाने ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन वस्त्रकलेचे श्रेष्ठ नमुने म्हणून या दोन्हींची गणना होते.

जीवन

हॅरिएट यांचा जन्म जॉर्जियातील अथेन्स शहराच्या परिसरात गुलामगिरीत झाला. त्यांचे बालपण लगतच्या मॅडिसन परगण्यातील एका मळ्यावर गेले. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा जॉर्जियात १८२९ च्या कायद्याने दंडनीय गुन्हा ठरला होता. शिवणकाम मात्र मळ्याच्या मालकांना हवेच असे. घरातील माणसांचे व गुलामांचे कपडे, अंथरुणे-पांघरुणे हे सारे मळ्यावरच तयार होत असल्यामुळे अनेक गुलाम स्त्रिया लहानपणीच सुई हाती घेत. हॅरिएटही याच वातावरणात शिवण शिकल्या असाव्यात.

१८५५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांचा विवाह आर्मस्टेड पॉवर्स यांच्याशी झाला. गुलामांच्या विवाहाला तेव्हा कायद्याची मान्यता नव्हती. पती, पत्नी वा मुले यांपैकी कोणालाही मालक वेगळे विकू शकत असे. या दांपत्याला किमान ९ अपत्ये झाली, त्यांतील काही गुलामगिरीच्या काळात जन्मली. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले आणि कुटुंब मुक्त झाले. १८७० च्या जनगणनेत आर्मस्टेड यांची नोंद शेतमजूर अशी, तर हॅरिएट यांची घर सांभाळणारी स्त्री अशी आहे.

१८८० च्या दशकात पॉवर्स कुटुंबाने अथेन्सजवळ सुमारे ४ एकर जमीन विकत घेतली. मुक्त झालेल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांना दुसऱ्याची जमीन वाट्याने कसावी लागत असताना स्वतःच्या मालकीचे लहानसे शेत असणे ही मोठी गोष्ट होती. हे सुस्थितीचे दिवस फार टिकले नाहीत. कापसाचे भाव घसरत गेले, दक्षिणेतील छोटे शेतकरी कर्जात बुडाले आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी पॉवर्स कुटुंबालाही जमिनीचे तुकडे विकावे लागले. पुढे आर्मस्टेड घर सोडून गेले. हॅरिएट यांनी पुन्हा विवाह केला नाही. उरलेले आयुष्य त्यांनी एकटीने, बहुधा शिवणकामावर उदरनिर्वाह करून काढले.

पहिली गोधडी आणि तिची विक्री

१८८६ मध्ये अथेन्स येथे भरलेल्या कापूस प्रदर्शनात पॉवर्स यांची बायबल क्विल्ट मांडण्यात आली होती. ती ओनिटा व्हर्जिनिया अर्थात जेनी स्मिथ यांच्या दृष्टीस पडली. स्मिथ या स्थानिक गौरवर्णीय चित्रकर्त्री होत्या. बाल्टिमोर, न्यूयॉर्क आणि पॅरिस येथे शिक्षण घेऊन त्या अथेन्समधील लुसी कॉब इन्स्टिट्यूट या मुलींच्या शाळेत कला शिकवत होत्या. (या शाळेचे संस्थापक टी. आर. आर. कॉब यांनी गुलामगिरीचे कायदेशीर समर्थन करणारा एक मोठा ग्रंथ लिहिला होता. पॉवर्स यांच्या कलेची पहिली नोंद याच शाळेच्या शिक्षिकेने करावी, हा इतिहासातील एक विलक्षण योग आहे.) स्मिथ यांनी गोधडीच्या कर्तीचा शोध घेतला, तिचे घर गाठले आणि गोधडी विकत मागितली. पॉवर्स यांनी नकार दिला. कोणत्याही किमतीला ती द्यायची नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.

सुमारे ४ वर्षांनी परिस्थिती पालटली. आर्थिक ओढग्रस्तीमुळे पॉवर्स यांनी गोधडी विकण्याची तयारी असल्याचा निरोप पाठवला, परंतु त्या वेळी स्मिथ यांच्याकडे पैसे नव्हते. १८९१ च्या सुमारास स्मिथ यांनी आपण घेऊ शकतो असे कळवले, तेव्हा पॉवर्स बैलगाडीतून त्यांच्या दारी आल्या. गोधडी पिठाच्या स्वच्छ पोत्यात घातलेली होती आणि त्यावर आणखी एक गोणपाट गुंडाळले होते. त्यांनी १० डॉलर मागितले. स्मिथ यांनी ५ डॉलर देऊ केले. पॉवर्स बाहेर जाऊन पतीशी बोलल्या आणि त्याच्या सल्ल्यावरून अखेर ५ डॉलरना तयार झाल्या.

या व्यवहाराचा वृत्तांत स्मिथ यांनीच लिहून ठेवला आहे, त्यामुळे तो विकत घेणाऱ्याच्या बाजूने सांगितलेला आहे हे ध्यानात ठेवावे लागते. तरीही त्यातून विकणाऱ्या स्त्रीची व्यथा लपत नाही. निघण्यापूर्वी पॉवर्स यांनी गोधडीवरील प्रत्येक चौकटीचा अर्थ मनापासून समजावून सांगितला. शिवणकामात उरलेल्या कापडाच्या चिंध्या आपण तुमच्यासाठी राखून ठेवू, असे स्मिथ यांनी सांगितले तेव्हा त्यांचे थोडेफार समाधान झाले. त्यानंतर पॉवर्स अनेकदा स्मिथ यांच्या घरी येऊन आपली गोधडी पाहून गेल्या.

पॉवर्स यांनी केलेला खुलासा स्मिथ यांनी टिपून ठेवला. एरवी त्या काळातील हजारो गोधड्या कोणी शिवल्या आणि त्यांवरील आकृतींचा अर्थ काय, हे सांगणारे आज कोणी नाही. या एका गोधडीचा अर्थ तिच्या कर्तीच्या तोंडून निघाला आणि कागदावर उतरला. मात्र तो उतरवणारा हात दुसऱ्याचा होता आणि त्यात स्मिथ यांची स्वतःची कौतुकमिश्रित, काहीशी वडीलकीची दृष्टीही मिसळली आहे. शैली धाडसी असून इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या वळणाची आहे, असा अभिप्राय त्यांनी नोंदवला. पॅरिसमध्ये शिकलेल्या चित्रकर्त्रीने खेड्यातील एका पूर्वाश्रमीच्या गुलाम स्त्रीच्या कामाला त्या काळी लावलेले हे माप लक्षणीय आहे.

बायबल क्विल्ट

ही गोधडी सुमारे १९१ सेंटिमीटर लांब व २२७ सेंटिमीटर रुंद आहे. तिच्यावर ११ चौकटी असून त्या तीन आडव्या ओळींत मांडल्या आहेत. आकृतींसाठी कापडाचे सुमारे ३०० वेगवेगळे तुकडे वापरले आहेत. मूळ रंग आता बरेच विटून तपकिरीकडे झुकले आहेत.

आरंभी एदेन बागेतील आदाम आणि हव्वा दिसतात. त्यांच्याजवळील सर्पाला पाय आहेत, कारण पोटावर सरपटण्याचा शाप त्याला अजून मिळालेला नाही. बायबलमधील मजकुराचा असा बारकाईने विचार केल्याच्या खुणा गोधडीभर आढळतात. त्यानंतर हव्वा आणि तिचा पुत्र, ताऱ्यांच्या मध्ये उभा असलेला सैतान, काइनाच्या हातून झालेला हाबेलचा वध, पत्नीच्या शोधात नोद देशी निघालेला काइन, याकोबाचे स्वप्न, येशूचा बाप्तिस्मा, क्रुसारोहण, चांदीच्या तीस नाण्यांसह यहूदा इस्कर्योत, शेवटचे भोजन आणि पवित्र कुटुंब असे प्रसंग येतात. हाबेलच्या चौकटीत रक्ताचा ओघ जमिनीवरून वाहताना दाखवला आहे. नोद देश हा पशूंनी भरलेला आहे. त्यात अस्वले, बिबटे, सांबरासारखी जनावरे आणि छापील सुती कापडाचा सिंहही आहे.

शेवटच्या भोजनाच्या चौकटीत पॉवर्स यांची कल्पकता विशेष दिसते. जागेअभावी शिष्यांची संख्या ७ वर आणली आहे. सर्वांना पांढऱ्या ठिपकेदार कापडाचे झगे आहेत, फक्त यहूदाचा झगा मळकट रंगाचा आहे. त्याच्या चारित्र्याला लागलेला डाग कापडाच्या निवडीतून सुचवला आहे. ज्यांच्याकडे रंगांची पेटी नसते, उरलेल्या चिंध्यांतूनच निवड करावी लागते, त्यांच्या हातून घडलेला हा निर्णय आहे. यहूदाच्याच दुसऱ्या चौकटीत त्याच्या पायाशी एक मोठी तबकडी दिसते. पॉवर्स यांच्या सांगण्यानुसार तो १८८६ मध्ये तीनशे वर्षांनी प्रथमच दिसलेला तारा होता. बायबलकालीन प्रसंगात स्वतःच्या काळातील आकाश आणून बसवण्याची ही पद्धत त्यांच्या दुसऱ्या गोधडीत पूर्ण विकसित झाली.

अटलांटा प्रदर्शन आणि दुसरी गोधडी

१८९५ मध्ये अटलांटा येथे कापूस उत्पादक राज्यांचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. बुकर टी. वॉशिंग्टन यांचे प्रसिद्ध भाषण याच प्रदर्शनाच्या उद्‍घाटनाला झाले होते. कृष्णवर्णीयांच्या कामासाठी तेथे स्वतंत्र इमारत उभारली होती आणि तीत स्मिथ यांच्याकडील बायबल क्विल्ट मांडली गेली. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या अटलांटा विद्यापीठातील अध्यापकांच्या पत्नींशी दुसऱ्या गोधडीचा संबंध येतो तो या प्रदर्शनानंतर. त्यांनी ती मुद्दाम शिवून घेतली असे सामान्यतः मानले जाते. ही पिक्टोरियल क्विल्ट, म्हणजे चित्रमय गोधडी, १८९५ ते १८९८ या काळातील आहे. १८९८ मध्ये ती विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाचे उपाध्यक्ष रेव्हरंड चार्ल्स कथबर्ट हॉल यांना भेट देण्यात आली. तिच्यासोबतही प्रत्येक चौकटीचे लेखी स्पष्टीकरण होते.

या गोधडीवर १५ चौकटी आहेत, ५ च्या तीन ओळींत. ईयोब, मोशेने उंचावलेला सर्प, योना आणि महामत्स्य, प्राणिमात्रांची निर्मिती, प्रकटीकरण ग्रंथातील क्रोधाच्या सात वाट्या व क्रुसारोहण हे विषय बायबलमधील आहेत. त्यांच्यामध्येच, कोणताही भेद न करता, पुढील ऐहिक घटना गुंफल्या आहेत.

पहिली घटना १९ मे १७८० च्या अंधाऱ्या दिवसाची. त्या दिवशी न्यू इंग्लंडमध्ये भर दुपारी काळोख पसरला होता. दूरवरच्या अरण्यांतील वणव्यांचा धूर हे त्याचे कारण असल्याचे आता मानले जाते. पॉवर्स यांच्या चौकटीत दुपारी बारा वाजता तारे दिसतात, गुरे निजायला जातात आणि कोंबड्या खुराड्यात परततात. दुसरी घटना १३ नोव्हेंबर १८३३ च्या रात्रीची. सिंह राशीतून होणाऱ्या लिओनिड उल्कांचा त्या रात्री असा वर्षाव झाला की जगाचा अंत आला, असे अमेरिकेतील असंख्य लोकांना वाटले. चौकटीत घाबरलेली माणसे आणि पडते तारे आहेत, आणि त्या ताऱ्यांना आवरणारा ईश्वराचा हातही आहे. १८४६ च्या लाल उजेडाच्या रात्रीची चौकट अशीच आहे. त्यात घंटा वाजवून लोकांना सावध करणारा माणूस दिसतो.

यांतील पहिल्या दोन घटना पॉवर्स यांच्या जन्मापूर्वीच्या आहेत. १८३३ च्या उल्कावर्षावानंतर ४ वर्षांनी त्या जन्मल्या. मळ्यांवरील गुलामांना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नसण्याचा तो काळ होता. तारे पडले त्या वर्षी, त्याच्या आधी की नंतर, अशा खुणेने अनेक जण आपले वय सांगत. अशा समाजात हा दिनांक गोधडीवर येणे हे निव्वळ अद्‍भुताचे आकर्षण नव्हे, ती कालगणनाही होती.

१० फेब्रुवारी १८९५ च्या गारठ्याची चौकट मात्र त्यांनी स्वतः अनुभवलेल्या काळातील आहे. त्या महिन्यात उत्तरेकडील शीतलहर अमेरिकेच्या दक्षिण टोकापर्यंत उतरली होती. चौकटीत प्रार्थना करता करता गोठलेली स्त्री, दारूचा बुधला हाती घेऊन गोठलेला पुरुष आणि श्वास बर्फ होऊन तोंडाशी लोंबत असलेले खेचर आहे. भाविक आणि मद्यपी दोघेही सारखेच गोठले आहेत, यावर पॉवर्स यांनी कोणतेही भाष्य केल्याची नोंद नाही.

आणखी एक चौकट व्हर्जिनियातील बॉब जॉन्सन आणि केट बेल या धनिकांची. त्यांना देवाविषयी काहीच शिकवले गेले नव्हते. घड्याळ एक वाजता थांबवा, उद्या ते आपोआप एकचा ठोका देईल, असे ते आपल्या आईवडिलांना सांगतात आणि तसेच घडते. ती त्यांच्या शाश्वत शिक्षेची खूण ठरते. त्याच चौकटीत बेट्स नावाची एक स्वतंत्र वृत्तीची डुकरीण आहे. ती जॉर्जियापासून व्हर्जिनियापर्यंत ५०० मैल धावली. जॉर्जियातून व्हर्जिनिया उत्तरेला आहे आणि गुलाम पळत ते उत्तरेच्याच दिशेने. त्यामुळे या धावेत पलायनाचा संकेत असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. उलट ही केवळ एखादी गाजलेली लोककथाही असू शकते. पॉवर्स यांच्या स्पष्टीकरणात डुकरिणीच्या स्वतंत्र वृत्तीचा आवर्जून उल्लेख आहे एवढे खरे.

तंत्र

पाश्चात्त्य क्विल्ट आणि महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ यांची मूळ कल्पना एकच आहे: कापडाचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने एकत्र बांधायचे. गोधडीत बहुधा जुन्या लुगड्या-धोतरांचेच थर असतात, तर क्विल्टमध्ये वरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये कापसाचा पातळ थर घालतात. पॉवर्स यांच्या कामात यापूर्वीचा टप्पा महत्त्वाचा आहे. आकृती कापडातून कापून, चौकटीच्या कापडावर ठेवून, कडेने शिवणे म्हणजे अ‍ॅप्लिक हे त्यांचे प्रमुख तंत्र होते. त्यांनी हाताची शिवण आणि शिवणयंत्राची शिवण या दोन्हींचा वापर केला. बारीक तपशील भरतकामाच्या टाक्यांनी दाखवले आहेत.

अ‍ॅप्लिकमध्ये कात्री ही चित्रकाराच्या कुंचल्याचे काम करते. एकदा कापलेली रेघ पुसता येत नाही. पॉवर्स यांच्या आकृती सपाट व छायेसारख्या आहेत, चेहऱ्यांवर भाव नाहीत. सारा अर्थ हातांची उंचावणी, शरीराचा कल आणि आकृतींमधील अंतर यांतून निघतो. सूर्य, चंद्र आणि तारे जवळजवळ प्रत्येक चौकटीत आहेत. क्रुसारोहणाच्या प्रसंगी सूर्य काळवंडतो आणि चंद्र रक्तवर्ण होतो. चौकटी एकसारख्या आकाराच्या नाहीत, त्यांच्या कडाही थोड्या वाकड्या आहेत. काटेकोर भूमितीच्या तत्कालीन गौरवर्णीय गोधड्यांशी तुलना करून पूर्वीचे काही लेखक यास अनघडपणा म्हणत. आज ते मत मागे पडले आहे.

या आकृतींचे साम्य पश्चिम आफ्रिकेतील दाहोमे (आताचे बेनिन) राज्यातील फोन लोकांच्या अ‍ॅप्लिक वस्त्रांशी आहे, हे जॉन मायकेल व्लाच यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. राजांच्या पराक्रमाची चित्रे असलेली ती वस्त्रे आणि पॉवर्स यांची गोधडी शेजारी ठेवली तर साम्य डोळ्यांत भरते. तथापि फोन समाजात हे काम राजदरबारातील पुरुष कारागिरांचे होते आणि पॉवर्स यांच्या पूर्वजांचे मूळ स्थान सांगणारा कागद उपलब्ध नाही. आफ्रिकेची स्मृती, प्रवचनांतून ऐकलेले बायबल आणि अमेरिकन गोधडीची घडण यांचे मिश्रण त्यांच्या कामात आहे एवढे निश्चितपणे म्हणता येते. त्यांतील कोणाचा वाटा किती, हा वाद चालू आहे.

पॉवर्स यांचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील या छायाचित्रात त्या उभ्या असून त्यांच्या अंगावर अ‍ॅप्लिकचे आकार शिवलेला अ‍ॅप्रन आहे. छायाचित्र काढून घेताना त्यांनी आपली कला अंगावर घेतली होती, असे त्यावरून दिसते.

१८९६ चे पत्र

विसाव्या शतकातील बहुतेक लेखनात पॉवर्स यांचा उल्लेख निरक्षर स्त्री असा येतो. बायबलच्या कथा त्यांनी केवळ ऐकून आत्मसात केल्या असे गृहीत धरले जाई. १९१४ मध्ये ल्युसीन फिंच यांनी आउटलुक या नियतकालिकात गोधडीवर लेख लिहिला. त्यात कर्तीचे चित्र भोळ्याभाबड्या वृद्ध कृष्णवर्णीय स्त्रीचे होते आणि तिचे नावही दिलेले नव्हते. गोधडीची कीर्ती वाढत गेली ती अशा रीतीने, कर्तीला मागे ठेवून.

हे चित्र २००९ मध्ये बदलले. गोधड्यांच्या इतिहासकार कायरा हिक्स यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात पॉवर्स यांच्या १८९६ मधील एका पत्राची माहिती उजेडात आणली. अटलांटा प्रदर्शनात गोधडी पाहिलेल्या आयोवा राज्यातील लोरीन डायव्हर या महिलेला हे पत्र लिहिलेले होते आणि त्याची नक्कल डायव्हर यांनी जपून ठेवली होती. पत्रात पॉवर्स यांनी आपल्या आयुष्याचा थोडक्यात वृत्तांत दिला आहे. लहानपणी गोऱ्या मुलांच्या मदतीने आपण वाचायला शिकलो आणि पुढे बायबलच्या अभ्यासाने ते ज्ञान वाढवले, असे त्यावरून कळते. आपण शिवलेल्या गोधड्यांचीही त्यांनी माहिती दिली आहे. प्रभुभोजनाच्या विषयावरील आणि ताऱ्याच्या नक्षीची अशा आणखी गोधड्या त्यांनी केल्या होत्या. त्या आज सापडत नाहीत.

या पत्रामुळे गोधड्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागली. पायांचा सर्प, नोद देशाचे वर्णन, काळवंडलेला सूर्य हे तपशील ऐकीव कथांतून आले असतील, असे आता सहज म्हणता येत नाही. ज्या वाचनावर कायद्याने बंदी होती ते वाचन त्यांत आहे.

मृत्यू

१ जानेवारी १९१० रोजी हॅरिएट पॉवर्स यांचे निधन झाले. अथेन्स येथील गॉस्पेल पिल्ग्रिम या कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. पुढे ही दफनभूमी झाडाझुडपांनी वेढली गेली आणि थडगे विस्मरणात गेले. अनेक जुन्या ग्रंथांत त्यांचे मृत्युवर्ष १९११ दिलेले आढळते. २००५ मध्ये थडग्यावरील शिळा पुन्हा सापडली, तेव्हा ही चूक दुरुस्त झाली.

गोधड्यांचा पुढील प्रवास

जेनी स्मिथ यांनी बायबल क्विल्ट अखेरपर्यंत स्वतःजवळ ठेवली. १९४६ मध्ये त्या वारल्यानंतर त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या स्नेह्यांकडे ती गेली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्मिथसोनियन संस्थेला देणगी म्हणून मिळाली. पिक्टोरियल क्विल्ट हॉल कुटुंबाकडे होती. रेव्हरंड हॉल यांच्या पुत्राकडून ती अमेरिकन लोककलेचे नामवंत संग्राहक मॅक्सिम कॅरोलिक यांनी घेतली आणि त्यांच्या मृत्युपत्रान्वये १९६४ मध्ये बोस्टनच्या संग्रहालयात आली. दोन्ही गोधड्या एकाच स्त्रीच्या हातच्या आहेत आणि ती स्त्री कोण होती, याचा पद्धतशीर शोध त्यानंतर सुरू झाला. त्यात ग्लॅडिस-मेरी फ्राय यांचा १९७६ मधील निबंध पायाभूत मानला जातो. जनगणना, जमीन आणि कर यांच्या सरकारी नोंदी धुंडाळून त्यांनी पॉवर्स यांचे चरित्र उभे केले. या लेखातील जमीनखरेदीसारखा तपशील अशाच नोंदींतून हाती आला आहे.

१९९२ मध्ये स्मिथसोनियन संस्थेने आपल्या संग्रहातील काही गोधड्यांच्या प्रतिकृती चीनमध्ये बनवून विकण्यास परवानगी दिली. त्यांत बायबल क्विल्टचाही समावेश होता. अमेरिकेतील गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांनी याचा तीव्र निषेध केला. परदेशात कमी मजुरीत झालेल्या प्रती राष्ट्रीय संग्रहालयाच्या नावाने विकल्या जाव्यात, हा हातकामाचा अवमान आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पॉवर्स यांच्या गोधडीला तिच्या कर्तीच्या हयातीत ५ डॉलर मिळाले होते, या गोष्टीची आठवण या वादात होणे अपरिहार्य होते.

प्रभाव

कथा सांगणाऱ्या गोधडीची परंपरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने बहरली, तेव्हा पॉवर्स यांच्याकडे तिच्या पूर्वसूरी म्हणून पाहिले गेले. फेथ रिंगोल्ड यांनी १९८० च्या दशकापासून रंगवलेले कॅनव्हास, लिहिलेला मजकूर आणि शिवलेल्या कापडाच्या कडा एकत्र आणून कथा-गोधड्या केल्या. आजच्या वस्त्रकलेत कापडावर रंग देणे, खडबडीत पृष्ठभागावर कापड ठेवून खडूने घासून त्याचा पोत उमटवणे आणि त्यावर हाताचे टाके घालणे ही तंत्रे एकाच कामात वापरली जातात. पॉवर्स यांच्यापाशी यांपैकी टाकेच होते. रंग आणि पोत या दोन्हींसाठी त्यांचा भर छापील सुती कापडाच्या निवडीवर होता. ठिपके, रेघा आणि फुलांच्या छपाईतून त्यांनी जनावरांची कातडी, पाणी आणि वस्त्रे सुचवली.

त्यांच्या जीवनावर मुलांसाठीही पुस्तके निघाली आहेत. २००९ मध्ये जॉर्जियातील कर्तबगार स्त्रियांच्या सन्मानयादीत त्यांचा समावेश झाला. दोन्ही गोधड्यांचे कापड नाजूक झाल्यामुळे त्या क्वचितच हलवल्या जातात. ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाने अमेरिकन गोधड्यांचे प्रदर्शन भरवले, त्यासाठी वॉशिंग्टनहून बायबल क्विल्ट आणण्यात आली आणि दोन्ही गोधड्या प्रथमच एका दालनात मांडल्या गेल्या.